वाईनचं आडनाव

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास एक पाटी हमखास असते: 'अमुक-तमुक वाईन्स'. आत जाऊन वाईन मागून बघा. काउंटरवरचा माणूस आधी तुमच्याकडे नीट बघतो, मग रम-व्हिस्कीच्या भरगच्च रांगा ओलांडून वरच्या फळीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या दोन बाटल्यांकडे बोट दाखवतो. मराठीत 'वाईन' हे दुकानाचं नाव आहे, मालाशी त्याचा फारसा संबंध नाही. पलीकडच्या गल्लीतल्या पाटीवर 'सरकारमान्य देशी दारू दुकान' असं लिहिलेलं असतं. माल दोन्हीकडे चढणाराच, पण इंग्रजी शब्द अब्रूदार आणि फारसी शब्द बदनाम.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा या दोन शब्दांची जाहीर कुस्तीच लागली. वाईन म्हणजे दारू नव्हे, असं एक बाजू म्हणत होती. दारूच ती, असं दुसरी. शब्दांची आवड असलेल्या माणसाला त्या गदारोळात वेगळीच गंमत वाटत होती. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपण 'दवादारू' म्हणतो त्यात तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे. तोफेत ठासायची ती दारू, दिवाळीतलं ते दारूकाम, आणि औषध तीही दारूच. 'शराब' तर अरबीत नुसतं पेय. जे प्यायचं ते शराब. आपलं 'सरबत' त्याच धातूतून निघालेलं. म्हणजे कोकम सरबत आणि शराब या सख्ख्या बहिणी, एकीला माहेरी बोलावतात आणि दुसरीचं नावही काढत नाहीत. माझी आजी दारूच्या नावानं कानावर हात ठेवायची आणि जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग पाण्यातून न चुकता घ्यायची. द्राक्षं आंबवून आपोआप तयार झालेलं मद्य त्यात असतं. ती घेत होती ती वाईन होती, आणि फारसीच्या हिशेबानं ती खरीखुरी दारूही होती, म्हणजे औषध.

पण मला आज 'वाईन' या शब्दापेक्षा वाईनच्या नावांबद्दल बोलायचं आहे. शॅम्पेन, पोर्ट, शेरी, बोर्डो, बर्गंडी, चियांती, टोकाय. ही सगळी गावांची, प्रांतांची नावं. इटली, फ्रान्स आणि स्पेन या तिघांत मिळून जगातली जवळजवळ निम्मी वाईन बनते, आणि या तिन्ही देशांच्या जुन्या बाटल्यांवर द्राक्षाची जात शोधली तर बहुधा सापडत नाही, गाव सापडतं. युरोपात फिरून आलेले लोक ही मोठी नवलाईची गोष्ट म्हणून सांगतात. मराठी माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आपली अर्धी टेलिफोन डिरेक्टरी याच पद्धतीनं भरलेली होती: चिपळूणकर, संगमनेरकर, निफाडकर. गावाला 'कर' लावला की माणूस तयार. वाईनवाले 'कर' लावत नाहीत एवढाच फरक.

आणि या पद्धतीचा आपल्याकडचा जुना दाखला फ्रान्सच्या कितीतरी आधीचा आहे. कौटिल्यानं अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे आजच्या भाषेत उत्पादन शुल्क अधिकाऱ्याच्या, कामांचा एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय असे मद्याचे प्रकार येतात आणि प्रत्येकाची कृती येते: इतकं पीठ, इतका गूळ, अमुक साल. शेवटी द्राक्षाच्या रसाची पाळी येते. त्याला तो मधु म्हणतो, आणि इथे कृती देतच नाही. त्याचा देश हेच त्याचं वर्णन, असं सांगून दोन नावं घेतो: कापिशायन आणि हारहूरक. पुढे चर्चा नाही. मला हा अर्थशास्त्रातला सगळ्यात रसिक क्षण वाटतो. हिशेबी, संशयी, पै-पैचा दंड लावणारा माणूस द्राक्षाच्या मद्याशी येऊन थांबतो आणि म्हणतो, गाव सांगितलं की झालं.

कापिशायन म्हणजे कापिशीचं. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेला आजच्या बेग्रामजवळचं नगर. पाणिनीनं या एका गावासाठी एक अख्खं सूत्र खर्ची घातलं आहे, कापिशीला कुठला प्रत्यय लावायचा ते सांगायला. आणि काशिकावृत्तीत त्याची उदाहरणं आहेत कापिशायन मधु आणि कापिशायनी द्राक्षा. व्याकरणाला सूत्र करावं लागलं, त्याअर्थी शब्द लोकांच्या तोंडात असणार. 1930च्या दशकात फ्रेंच उत्खननकारांना याच बेग्राममध्ये हस्तिदंती कोरीव कामांच्या शेजारी रोमन काचेची पात्रं सापडली. पिणारे होते, प्यालेही होते.

मधु या शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. संस्कृतात तो मधही आहे आणि मद्यही. ग्रीकमध्ये त्याचा भाऊ 'मेथु', अर्थ वाईन. जांभळ्या ॲमेथिस्ट खड्याचं नाव त्यातूनच: अ-मेथुस्तोस, म्हणजे न चढणारा, तो अंगावर असला की नशा होत नाही अशी ग्रीकांची समजूत. मग 1834 मध्ये द्युमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी लाकडापासून मिळणाऱ्या स्पिरिटला नाव देताना 'मेथु' आणि 'हुले', म्हणजे लाकूड, हे दोन ग्रीक शब्द जोडले. लाकडाची वाईन. तेच आपलं मिथाइल, मिथेनॉल. विषारी गावठी दारूनं माणसं मेल्याची बातमी येते तेव्हा त्यात जो मिथेनॉल असतो, त्याच्या पोटात आपला मध लपलेला आहे.

'वाईन'चं मूळ मात्र असं हाताला लागत नाही. लॅटिन विनुम, ग्रीक ओइनोस, हिब्रू यायिन, आर्मेनियन गिनी, जॉर्जियन घ्विनो. एकमेकांशी नातं नसलेल्या भाषाकुळांत हा एकच शब्द थोडा थोडा चेहरा बदलून फिरतो. कोणी कोणाकडून उचलला यावर विद्वानांची भांडणं आहेत. जॉर्जियन माणसापुढे मात्र वाद घालू नये. त्यांच्या देशात गदाच्रिली गोरा या जागी सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर द्राक्षमद्याचा अंश मिळाला, काळ सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा. हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि तिथल्या काखेती भागात अजूनही अंड्याच्या आकाराचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात द्राक्षं सालीबियांसकट आंबवतात. रांजणाला ते क्वेव्री म्हणतात. आपण पेवात धान्य पुरायचो, तसं ते वाईन पुरतात.

तर गावाची नावं. फ्रान्सपासून सुरुवात करू, कारण या बाबतीत सगळ्यात जास्त कोर्टकचेऱ्या फ्रान्सनंच केल्या आहेत.

'शॅम्पेन' म्हणजे मोकळं मैदान. लॅटिन 'कांपुस' म्हणजे माळ, पठार. त्यावरून 'कांपानिया', त्यावरून फ्रान्सच्या ईशान्येकडल्या त्या खडूच्या मातीच्या प्रांताचं नाव. त्याच कांपुसमधून विद्यापीठाचा कॅम्पस आला, लष्कराचा तळ या अर्थाचा कॅम्प आला. पुण्यात कोणी कॅम्पात शॅम्पेन उघडली तर एकच शब्द दोनदा उघडला जातो. या नावासाठी शेतकऱ्यांनी 1911 मध्ये दंगल केली. व्यापारी बाहेरगावची द्राक्षं रेल्वेनं आणून त्यांची शॅम्पेन करत होते. चिडलेल्या शेतकऱ्यांनी त्यांची तळघरं फोडली आणि पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतली. मग पहिलं महायुद्ध झालं, आणि 1919च्या व्हर्सायच्या तहात, जिथे सरहद्दी आणि नुकसानभरपाईची बोलणी चालली होती, तिथेच जर्मनीनं वाईनच्या प्रादेशिक नावांचा मान राखावा असंही कलम पडलं. अमेरिकेच्या सिनेटनं तो तह मंजूरच केला नाही. कॅलिफोर्नियाची काही जुनी 'शॅम्पेन' आजही त्या नावानं विकली जाते. उलट स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचं खरोखरीचं एक खेडं आहे, तिथेही वाईन बनते, आणि करारापायी 2004 पासून त्या गावाला आपल्याच वाईनवर आपलंच नाव घालता येत नाही. आडनावबंधूनं नोटीस पाठवावी आणि आपण आपल्या घरावरची पाटी उतरवावी, तशी गत.

आपल्या नारायणगावात 1980च्या दशकात बुडबुड्यांची वाईन बनू लागली तेव्हा कंपनीच्या नावातच शॅम्पेन होतं आणि वाईनचं नाव ठेवलं होतं उमर खय्याम. जन्म जुन्नर तालुक्यातला, आडनाव फ्रेंच, नाव इराणी. अशी माणसं मुंबईत सापडतात.

इंग्रजांनी या फ्रेंच गावांची नावं आपल्या तोंडाला येतील तशी वळवली, आणि त्यांच्या भारतातल्या नोकरांनी ती आणखी वळवली. 1886 सालच्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशात 'सिमकिन' असा एक शब्द आहे. साहेबाच्या बंगल्यावर खानसामा ज्याला सिमकिन म्हणायचा ती शॅम्पेन. त्याच कोशात बोर्डोच्या वाईनचा शब्द आहे 'लोल शरौब', म्हणजे लाल शराब. साहेब तिला 'क्लॅरेट' म्हणायचा. गंमत अशी, की क्लॅरेट हा शब्द ज्या फ्रेंच 'क्लेरे'वरून आला त्याचा अर्थ फिकी. बोर्डोची जहागीरदारीण एलिनॉर हिनं 1152 मध्ये ज्याच्याशी लग्न केलं, तो हेन्री दोन वर्षांत इंग्लंडचा राजा झाला, आणि 1453 पर्यंत बोर्डो इंग्रजांच्या ताब्यात राहिलं. त्या काळी तिथून जहाजं भरभरून जायची ती वाईन गुलाबीसर, फिकी होती. पुढे वाईन गडद होत गेली, शब्द फिकाच राहिला. खानसाम्यानं डोळ्यांना दिसलं ते सांगितलं, लाल.

बर्गंडीत तर गावापेक्षा वावर मोठं. तिथे एकेका मळ्याला नाव आहे, कुंपण आहे, आणि कुंपणाच्या अलीकडची वाईन पलीकडच्या दहापट महाग असू शकते. शांबेर्तँ नावाचा एक मळा इतका गाजला, की शेजारच्या जेव्रे गावानं 1847 मध्ये मळ्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं: जेव्रे-शांबेर्तँ. मग शेजारची गावंही तेच करत सुटली. आपल्याकडे पिंपळगावं ढीगभर, म्हणून कुठलं ते कळायला पिंपळगाव बसवंत म्हणावं लागतं. द्राक्षाच्या बाजारासाठी नाशिक जिल्ह्यात हेच नाव घेतात. जेव्रेवाल्यांची अडचण तशी नव्हती. जेव्रे एकच होतं. त्यांना फक्त श्रीमंत नातेवाइकाचं नाव मागे लावायचं होतं.

स्पेनच्या दक्षिण टोकाकडे हेरेस दे ला फ्रोंतेरा नावाचं शहर आहे. अरबांच्या राज्यात त्याचं नाव होतं शरीश. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याच्या सुरुवातीला 'श' होता. पुढे स्पॅनिशचा उच्चार बदलला आणि 'श'चा घशातला 'ह' झाला. पण इंग्रजांनी शब्द उचलला होता तो आधीच, 'शेरिस' असा. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ शेरिसचीच स्तुती गातो. मग इंग्रजांना वाटलं, शेवटचा 'स' अनेकवचनाचा असणार, म्हणून त्यांनी तो काढून टाकला आणि उरलं 'शेरी'. आज बाटलीवर हेरेस, झेरेस, शेरी अशी तिन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. शहराचा अरबी काळातला उच्चार गावात पुसला गेला आणि परक्यांच्या तोंडी टिकला.

या फॉलस्टाफमुळे आणखी एक घोळ झाला. इंग्रज शेरीला 'सॅक'ही म्हणत, आणि जर्मन भाषांतरात त्याचं 'सेक्ट' झालं. 1820च्या दशकात बर्लिनमध्ये लुडविग डेव्रिएंट नावाचा नट फॉलस्टाफ रंगवायचा. नाटक संपल्यावर नेहमीच्या पानगृहात जाऊन फॉलस्टाफच्या ऐटीत त्यानं सेक्ट मागवली, आणि वेटरनं त्याची रोजची आवड ओळखून शॅम्पेन आणून ठेवली, असं सांगतात. तेव्हापासून जर्मनीत बुडबुड्यांच्या वाईनला सेक्ट म्हणतात. शेरीचं नाव, शॅम्पेनचा माल, नाटकवाल्याचा हिशेब.

आता पोर्तुगाल. इथे मला जरा जास्त वेळ बसायचं आहे, कारण हे आपल्या घरातलं प्रकरण आहे.

'पोर्ट' हे नाव पोर्तो शहरावरून, आणि पोर्तो म्हणजे बंदर. देशाचं नावही त्याच बंदराचं: पोर्तुस काले, त्याचं पोर्तुगाल. द्राक्षं मात्र बंदरात पिकत नाहीत. ती पिकतात दोउरू नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात दगडी बांध घालून काढलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत. तिथून वाईन होड्यांत घालून नदीनं खाली यायची आणि पोर्तोसमोरच्या काठावर गायाच्या वखारींत मुरत पडायची. नाव मिळालं जिथून जहाज सुटायचं त्या गावाचं. 'बसराई' केळी बसऱ्याला पिकत नाहीत, त्यातलाच प्रकार. 1756 मध्ये पोंबालच्या मार्क्विसनं दोउरूच्या द्राक्षपट्ट्याची हद्द ठरवली आणि पुढे तिच्यावर दगडी खांब रोवले. त्याआधी टस्कनीत चियांतीची हद्द 1716 मध्ये जाहीर झाली होती आणि हंगेरीत टोकायची 1737 मध्ये. पण खांब रोवणं हे काही वेगळंच. आपल्या गावाच्या शिवेचा दगड ज्यानं पाहिला आहे त्याला ते कळेल.

या वाईनचं लाकडी पात्र म्हणजे 'पिपा'. दोउरूत त्याचं माप सुमारे 550 लिटर. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि 'पिंप' झाला. चाळीतल्या मोरीत पाणी भरून ठेवलेलं पिंप, लग्नाच्या मांडवात स्टीलची तोटी लावलेलं पिंप; बारशाला, बाराव्याला, सगळीकडे आपण पोर्ट वाईनच्या पात्रातून पाणी पितो. मूळ माल गळून गेला, भांडं तेवढं भाषेत राहिलं.

दुसरा शब्द ताटातला. मडेरा बेटावर आणि पोर्तुगालात मांस वाईन-लसणात मुरवून ठेवायची पद्धत होती. वाईन म्हणजे 'व्हिन्यो', लसूण म्हणजे 'आल्यू'. त्या मुरवणीचं नाव 'व्हिन्या द'आल्यूश'. गोव्यात वाईन महाग आणि दुर्मीळ, म्हणून माडाच्या सुरेचा शिरका वापरला, वर लाल मिरची, जिरं, दालचिनी गेली, आणि पदार्थ झाला विंदाल्यू. तिथून तो साहेबाबरोबर इंग्लंडला गेला. त्याच्या शेपटीतलं 'आलू' पाहून अनेक हॉटेलांनी त्यात बटाटे घातले. लसणाचा बटाटा झाला तो निव्वळ कानाच्या चुकीनं. आणि 'सूर' म्हणजे गोव्याची ताडीमाडी, ती थेट संस्कृत सुरेची लेक. म्हणजे विंदाल्यूत नाव पोर्तुगीज वाईनचं आणि आंबटपणा संस्कृत सुरेचा.

आता मडेरा बेट. अटलांटिकमधलं, पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं. तिथली वाईन त्याच नावानं प्रसिद्ध. मराठी माणसानं हे नाव ऐकलं की तो हमखास टाळी देतो: बघा, मडेरा म्हणजे आपली मदिरा! मीही एकेकाळी ही टाळी दिलेली आहे. पण नाही. 'मदिरा' आली 'मद्' धातूपासून, मस्त होणं, त्याच्यातून. 'मडेरा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकूड. बेटावर दाट जंगल होतं म्हणून ते नाव. मूळ लॅटिन 'मातेरिया', आणि तिचं दुसरं अपत्य म्हणजे आपण बांधकामाच्या जागी उच्चारतो ते 'मटेरियल'. मदिरेशी नातं नाही, विटा-वाळूशी आहे. शब्दांची चेहरेपट्टी जुळली म्हणून रक्त जुळत नाही, हे मला या एका शब्दानं नीट शिकवलं. तरी नियतीनं एक चिमटा काढलाच. मडेराची पिंपं जहाजाच्या तळाशी घालून गरम समुद्रांतून नेली तर वाईन आणखी चांगली होते असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. मग ते मुद्दाम पिंपं फिरवून आणू लागले. अशा फेरी मारून आलेल्या वाईनला वेगळं नाव आणि चढा भाव मिळायचा. त्यातली काही जहाजं भारतापर्यंत येऊन परत जायची. म्हणजे मडेरा मदिरेच्या गावी येऊन, न उतरताच माघारी गेली.

एखाद्या पुणतांबेकरानं पुणतांबं कधी पाहिलेलंच नसतं. वाईनच्या जगात असा सगळ्यात मोठा पुणतांबेकर म्हणजे शिराज.

शिराज हे इराणातलं शहर, हाफिजचं. बहमनी सुलतानानं हाफिजला दख्खनला बोलावलं, तो हुर्मुझ बंदरापर्यंत येऊन जहाजात बसला आणि वादळाला भिऊन उतरला, अशी कथा विजापूरच्या फिरिश्त्यानं लिहून ठेवली आहे. शिराजमध्ये वाईन पूर्वी होती; 1979च्या क्रांतीनंतर तिच्यावर बंदी आली. त्याच नावाचं काळं द्राक्ष मात्र जगभर आहे. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात आणि तिथे ऱ्होन नदीकाठी एर्मिताज नावाची टेकडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. एर्मिताज म्हणजे संन्याशाची मठी. धर्मयुद्धातून परतलेल्या एका सरदारानं तिथे मठी बांधली आणि इराणहून आणलेला वेल लावला, अशी कहाणी पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. कहाणी सुंदर होती. 1998 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ यांच्या गटानं डीएनए तपासला आणि सिराचे आईबाप निघाले मोंद्यूज ब्लांश आणि द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या डोंगराळ भागातली साधी द्राक्षं. इराणचा थेंबही नाही.

जेम्स बस्बी यानं 1832 मध्ये युरोपातून द्राक्षाच्या काड्या सिडनीला नेल्या, त्यात ही जात होती. ऑस्ट्रेलियनांनी तिला शिराजही म्हटलं आणि एर्मिताजही. म्हणजे दोन्ही पत्ते दुसऱ्याचे. त्यांची सगळ्यात नामांकित वाईन 'ग्रेंज हर्मिटेज' या नावानं चालायची. युरोपशी करार करायची वेळ आली तेव्हा हर्मिटेज गळलं. 1990च्या पिकापासून ती नुसती 'ग्रेंज'. शिराज राहिलं, कारण इराण वाईनच्या नावासाठी कुणाला कोर्टात खेचणार नव्हता. दक्षिण आफ्रिकेत तर एर्मिताज हे नाव आणखी एका, तिसऱ्याच द्राक्षाला चिकटलं होतं. 1925 मध्ये अब्राहम पेरोल्ड यांनी त्याचा पिनो न्वारशी संकर केला आणि दोन नावं कापून जोडली: पिनोताज. त्या शब्दाचा मागचा अर्धा भाग म्हणजे ऱ्होनकाठच्या मठीचा एक तुकडा, जो केपटाऊनजवळ कसा आला हे त्या द्राक्षालाही सांगता यायचं नाही.

इटलीनं याच्या उलट खेळी केली, आणि ती मला फार आवडते. प्रोसेको हे द्राक्षाचं नाव होतं. द्राक्षाचं नाव कोणीही वापरू शकतो, गावाचं नाही. मग 2009 मध्ये त्यांनी द्राक्षाचं नावच बदललं, ते झालं 'ग्लेरा', आणि त्रिएस्तेजवळच्या प्रोसेको नावाच्या खेड्यापर्यंत क्षेत्राची हद्द ताणली. झालं, शब्द पुन्हा गावाचा. पोराचं नाव बदलून आडनाव वाचवलं. याच इटलीतल्या फ्रिउलीवाल्यांना दोन वर्षं आधी हंगेरीनं नमवलं होतं: त्यांची 'तोकाई' 2007 पासून बंद, कारण टोकाय आमचं. ती आता 'फ्रिउलानो'.

चिलीत घोटाळा उलट्या बाजूनं झाला. तिथले शेतकरी शंभरेक वर्षं मेर्लो म्हणून जे पिकवत होते त्यातला बराच भाग मेर्लो नव्हताच. 1994 मध्ये जाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच तज्ज्ञ मळ्यात फिरताना थबकले आणि म्हणाले, ही तर कार्मेनेर. बोर्डोतून एकोणिसाव्या शतकातल्या रोगात जवळजवळ नाहीशी झालेली जात अँडीजच्या पायथ्याशी दुसऱ्याच्या नावानं राहत होती. तिचं खरं नाव तिच्या पानांवरून पडलं आहे. शरद ऋतूत ती पानं 'कार्मिन' रंगाची होतात. कार्मिन आला अरबी 'किर्मिझ'वरून, किर्मिझ फारसी 'किर्म'वरून, म्हणजे किडा. हा रंग एका किड्यापासून काढत. फारसी किर्म आणि संस्कृत कृमी हे भाऊ. आणि मराठीत तोच रंग किरमिजी. चिलीच्या बाटलीवरचं ते अवघड वाटणारं नाव आजीच्या लुगड्याच्या रंगाचं आहे, एवढं सांगितलं तर उच्चार आपोआप सुधारतो.

शेवटी नाशिकला येऊ. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'नाशिक व्हॅली' या नावानं. हा 'व्हॅली' कॅलिफोर्नियाच्या नापा व्हॅलीकडे बघून आलेला असणार. गोदावरीच्या खोऱ्यात राहणारा कोणीही मी व्हॅलीत राहतो असं म्हणत नाही. तिथल्या सुला या वाईन कंपनीचं नाव गावावरून नाही, संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या नावावरून, सुलभावरून आलं. तेही चांगलंच आहे. पण त्यांची एक बाटली मला नावासाठी लक्षात राहिली. तिच्यावर लिहिलेलं असतं 'दिंडोरी रिझर्व्ह शिराज'. म्हणजे फ्रेंच डोंगरातलं द्राक्ष, इराणी शहराचं नाव, ऑस्ट्रेलियन उच्चार, आणि पुढे आपला तालुका.

मागे नाशिकमध्ये एका दुकानात उभा होतो. समोरच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं काउंटरवर नोटा ठेवल्या आणि म्हणाला, "पाव्हण्यांसाठी हवीय. एक दिंडोरी द्या."

दुकानदारानं विचारलं, "लाल का पांढरी?"

"लाल."

शिराजचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.